तेवढ्यानं काय हुतंय? दाजींना एक खुले पत्र

ती. दाजींस,
निपाणीहून तुमच्या मेव्हण्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र उघड्यावर लिहितोय, कारण बहिणीच्या नवऱ्याला तोंडावर बोलायची आपल्याकडं पद्धत नाही. तुम्ही कोल्हापूरहून आलात की कोंबडं कापायचं, तुम्हाला पहिल्या पंगतीला बसवायचं आणि रस्सा ओरपत तुम्ही जे सांगाल त्याला "व्हय दाजी" म्हणायचं. असल्याच एका पंगतीत तुम्ही खरकट्या हातानं मोबाईल माझ्यापुढं सरकवलात. त्यात मडगार्ड नसलेली, बॉनेट उघडं टाकलेली, आगीच्या ज्वाळा रंगवलेली एक जुनी फोर्ड होती. "हॉट रॉड म्हणत्यात ह्याला. गरिबाचा नाद हाय, पावणं."

गरिबाचा होता, यात खोटं काही नाही. कॅलिफोर्नियातली पोरं जुनी फोर्ड कवडीमोलानं उचलायची, वजनाचं सगळं काढून फेकायची आणि इंजिन वाढवून वाळलेल्या तळ्यांच्या सपाटीवर पळवायची. 1932 च्या फोर्डला तर व्ही-एट इंजिन मिळत होतं. दुसऱ्या महायुद्धावरनं परतलेल्या जवानांनी हा नाद आणखी वाढवला. त्यातल्या कित्येकांना सैन्यानंच इंजिन उघडायला शिकवलं होतं. तुम्ही एवढंच सांगायचं विसरलात की ती पोरं मिस्त्रीही स्वतः होती, वेल्डरही स्वतः आणि पेंटरही स्वतः. मला टायर बदलायलासुद्धा पंक्चरवाल्या पोराला फोन करावा लागतो.

आपल्याकडं फोर्ड कुठली? पण जीप आहे, हे तुम्हीच दाखवून दिलंत. महिंद्रांनी 1947 पासून विलीज जीप आणून इथं जोडायला घेतल्या, पुढं त्या इथंच बनू लागल्या आणि कुठल्या गोठ्यात, कुठल्या साखर कारखान्याच्या आवारात वैरणीखाली गाडल्या गेल्या. कागलच्या पलीकडं अशीच एक 1968 सालची तुम्हाला सापडली. मूळ पेट्रोल इंजिन जागेवर, कागदपत्रं जागेवर, पत्रा तेवढा जागेवर नाही. "दुभत्या म्हशीच्या भावात जीप!" म्हणालात. म्हैस निदान दूध देते.

खरा गुन्हा मात्र त्या दिवशी घडला नाही. तो पुढं प्रत्येक खेपेला, गॅरेजच्या दारात, पानाचा तोबरा एका गालातनं दुसऱ्या गालात सारत तुम्ही केलात, आणि तोही एकाच वाक्यानं: "एवढं केलंसा, तेवढ्यानं काय हुतंय?" माझ्या तंबाखूच्या पट्टीच्या वहीत उजव्या बाजूला जेवढे आकडे आहेत, त्यातल्या एकेकाच्या वर हे वाक्य लिहून ठेवता येईल.

पेट्रोल परवडायचं नाही म्हणून डिझेल इंजिन टाकायचं ठरलं. जुन्या बोलेरोचं, कोल्हापूरच्या भंगार बाजारातलं. त्याचा भाव तुम्ही केलात आणि तो खरंच कमी केलात, हे मी कुठंही कबूल करीन. पण डिझेल इंजिन जड. ते बसवल्यावर जीपनं नाक खाली टाकलं, म्हणून पुढच्या पाट्यांत एकेक पान वाढवलं. इंजिनाची मापं वेगळी, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून, जोडून लेथवर बॅलन्स करून घेतला. डिझेलची थरथर वेगळी, तिनं रेडिएटरच्या क्लँपा तोडल्या. जुनी वायरिंग सहा व्होल्टची होती, म्हणून बारा व्होल्टची नवी ओढली आणि तिच्यामागनं स्टार्टर, अल्टरनेटर, बॅटरी आणि मीटर अशी सगळी वरात आली.

गाडी सुरू झाली. पळेना. मिस्त्रीनं मागचं हाउसिंग उघडून दाखवलं: क्राऊनला 43 दात, पिनियनला 8. म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्ट साडेपाचच्या आसपास वेळा फिरणार. जास्त आरपीएम देणाऱ्या पेट्रोल इंजिनाला ते ठीक होतं. डिझेल त्याच्या खालीच दम टाकतं, त्यामुळं हायवेवर ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न मारून पुढं जायला लागले. क्राऊन-पिनियन बदलायचं ठरलं. मागचं बदललं की पुढचंही बदलायला लागतं, नाहीतर फोर-व्हीलमध्ये टाकल्याबरोबर पुढची आणि मागची चाकं आपापसात भांडतात. तेही केलं. गाडी पळाली. तुम्ही आलात, दोन पावलं मागं सरून बघितलंत आणि म्हणालात, "टायर बारीक दिसत्यात, पावणं."

मोठे टायर आले. ते मडगार्डला घासले, म्हणून मडगार्ड कापली. स्टिअरिंग फिरेना, म्हणून पॉवर स्टिअरिंग आलं. आणि टायर मोठा म्हणजे गिअर आणखी उंच, हे गणित तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. क्राऊन बदलल्यावर उरलेली ओढही टायरनं खाल्ली आणि तवंदीच्या घाटात, स्तवनिधीच्या थोडं अलीकडं, क्लच जळाला. त्यानंतर ब्रेकचा विषय निघाला. पळणाऱ्या गाडीला थांबायचंही असतं, हे आपल्या दोघांच्या यादीत शेवटून पहिलं होतं. पन्नास-साठच्या वेगासाठी बनवलेले ड्रम ब्रेक काढून पुढं डिस्क आणि वर बूस्टर. त्या दिवशी तुमचं वाक्य तुमच्याआधी मिस्त्रीच बोलला. इतका तुमचा गुण लागला त्याला.

या भानगडीत आपल्या मुलखाचाही हात आहे, तो नाकारत नाही. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात एखादा भाग मिळाला नसता, म्हणून काम तिथंच थांबलं असतं आणि माझे पैसे वाचले असते. इथं थांबायला काही निमित्तच नाही. कोल्हापुरात आणि शिरोलीत फाउंड्र्या, बेळगावच्या उद्यमबागेत लेथ, ग्राइंडिंग, हायड्रॉलिक, आणि वाटेत हत्तरगीला तर विमानाचे भाग बनतात. ज्या रस्त्यावर विमानाचा भाग बनतो, तिथं जीपच्या बुशला कोण नाही म्हणणार? "नमुना द्या, सोमवारी घेऊन जा." सोमवार कुठला, ते मात्र कुणी विचारायचं नाही.

आता कागदांकडं येतो, दाजी. तंबाखूला चुना लावून घ्या आणि सावकाश वाचा.

गाडी महाराष्ट्राच्या जुन्या तीन अक्षरी नंबराची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणं एका राज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे कोल्हापूर आरटीओची एनओसी, मग चिकोडीला केए-23, आणि त्याच्यावर कर्नाटकचा आजीवन कर, जो देशातल्या चढ्या करांत मोडतो. कोगनोळीचा नाका ओलांडायला जीपला फार वेळ लागला नाही. तिच्या कागदांनी अजून ओलांडलेला नाही. निपाणी कुठल्या राज्याची, हा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. माझ्या जीपचा निकाल त्याच्याआधी लागावा, एवढीच अपेक्षा.

दुसरं. 1 एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीचं रजिस्ट्रेशन पुन्हा करायचे 5,000 रुपये झाले, आधी ते 600 होते. 2025 च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला ते 10,000 केले. हे फक्त शुल्क. गाडी फिटनेसला उभी करायची हिंमत वेगळी.

तिसरं मी तुम्हाला फोनवर सांगायला लागलो तेव्हा तुमची रेंज गेली होती. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कंपनीनं दिलेल्या मूळ मापात नसलेला बदल गाडीत करता येणार नाही. कलम 52 तेच म्हणतं. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी आणि मग आरसीवर नोंद. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेलं कलम 182-अ म्हणतं, मालकानं बेकायदा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलाला 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. दर बदलाला, दाजी. तुमच्या त्या वाक्याला आता सरकारी दर लागलाय. वर अपघात झाला तर बदल लपवला म्हणून विमा कंपनी अंग काढून घेणार, ते निराळंच.

यावर तुम्ही देवराष्ट्र्याचं उदाहरण देणार, हे मला माहीत आहे, कारण तुम्ही ते लग्नात, बारशात आणि एका दहाव्यालाही दिलंय. सांगली जिल्ह्यातल्या त्या गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातनं किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, साठ हजारांच्या आसपास खर्चात. आनंद महिंद्रांनी ती बघून बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी 2022 मध्ये ती दिलीसुद्धा. सगळं खरं आहे. पण महिंद्रांनी त्याच दमात हेही म्हटलं होतं की गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या तिला अडवणारच. आणि लोहार स्वतः लोखंडातले जाणकार. पोरासाठी गाडी केली, भागली तिथं थांबले. त्यांच्या गॅरेजच्या दारात उभं राहायला कुणी दाजी नव्हते. साठ हजारांत काम भागण्याचं मला तरी हेच एक कारण दिसतं.

आणि आता शेवटचं. मी हे कुणाला सांगितलेलं नाही, आक्कालाही नाही. केंद्रानं 2021 मध्ये जुन्या गाड्यांसाठी नियम काढले. पन्नास वर्षांवरची गाडी 20,000 रुपये भरून विंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात आणि नोंद दहा वर्षं चालते. रोजच्या फिरण्याला ती वापरायची नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला निघते तेव्हा तुम्ही गर्दीत टाचा उंचावून बघता ना? तसल्या मानाच्या रांगेत आपली 1968 ची जीपही बसली असती. अट एकच: चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा.

मूळ इंजिन तुमच्याच ओळखीच्या भंगारवाल्याला किलोवर गेलं. तराजू तुम्ही धरला होता.

आज हिशेब असा आहे की जीपच्या किमतीच्या कित्येक पट पैसा तिच्यात गेला. यंदाची तंबाखूची पट्टी गेली, पुढल्या वर्षीचीही बोलून ठेवलेली आहे. विकायला काढली तर घेणारा आधी कागद बघतो, मग इंजिन नंबर बघतो आणि शेवटी चहा पिऊन जातो. मागच्या महिन्यात तुम्ही म्हणालात की एवढं केलंयसा तर वर रोलकेज आणि पुढं विंच बसवून टाका, चोर्ल्याच्या बाजूला ऑफरोडिंगला जाऊ. दंडाच्या हिशेबात ते आणखी दोन बदल होतात.

तर विनंती अशी. पैसे मागत नाही, बहिणीच्या घरचे पैसे मागायची आमची रीत नाही. पण कोल्हापूर आरटीओ तुमच्या घरापासून चालत जायच्या अंतरावर आहे. एनओसीचा अर्ज, जुन्या मालकाच्या सह्या, चॅसी नंबरचा ठसा आणि कराची पावती या पत्रासोबत पाठवतोय. येत्या सोमवारी सकाळी खिडकी उघडायच्या आत रांगेत उभं राहायचं आणि एनओसी हातात पडेपर्यंत हलायचं नाही. तिथल्या साहेबानं इंजिनाचं विचारलं तर उत्तरही तुम्हीच द्यायचं.

एवढं केलंसा, तेवढ्यानं काय हुतंय?

आक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
निपाणीचे पावणे