धक्क्यावरचे निदानकार

मालवणपासून देवबागपर्यंत कुठल्याही धक्क्यावर एखाद्या बोटीचं इंजिन चालू होईना, की हे गृहस्थ तिथे हजर होतात. बोलावणं लागत नाही. पर्यटकांना चुकीच्या बाजूने लाइफ जॅकेट चढवायलाही वेळ मिळालेला नसतो, तोवर लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडून ते निकाल देतात, “बॅटरी गेली रे तुजी!”

इंजिन कुठलं, सेल्फ मारल्यावर आवाज कसा आला, हे प्रश्न नंतरचे. खरं तर सगळी गोम आवाजातच असते. काहीच आवाज नाही, तर फ्यूज, चावीचा स्विच किंवा गिअर. भराभर टकटक, तर बॅटरी उतरलेली. एकच ‘टक्’ करून गप्प, तर रिले आपलं काम करतोय, पण सेल्फपर्यंत पुरेसा करंट पोचत नाही किंवा सेल्फच जाम झालाय. सेल्फ जोरात फिरतो आणि इंजिन मात्र पकडत नाही, तर आधी ती लाल सेफ्टी दोरी जागेवर आहे का पाहावं. ती निघालेली असली की प्लगला ठिणगीच मिळत नाही. निदानकारांना मात्र या चारही आवाजांत बॅटरीच ऐकू येते.

ती नाही असं सिद्ध झालं, तर ‘सेल्फ जळालो’. म्हणजे त्यांचा तपास महागापासून सुरू होतो आणि आणखी महागाकडे जातो. एकदा त्यांच्या सल्ल्याने एका बोटीचा सेल्फ खोलून फळीवर मांडला गेला, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की दांडा पुढच्या गिअरमध्येच होता. गिअरमध्ये सेल्फ लागू नये अशी सोय मुद्दाम केलेली असते, नाहीतर चावी फिरवताच बोट धक्क्यावर चढायची. निदानकार क्षणभरही न गडबडता म्हणाले, “खोललो ता बरा झाला. साफ तरी झालो.”

त्यांच्याजवळ हत्यार एकच, स्क्रू ड्रायव्हर. तो रिलेच्या दोन बोल्टांवर आडवा टाकून ठिणगी पाडायची आणि लोकांकडे पाहायचं. शेजारी पेट्रोलची टाकी असते. त्या क्षणी सगळे एक पाऊल मागे सरतात, तो त्यांना आदर वाटतो.

परवाचंच घ्या. पावसाळाभर शाकारून ठेवलेलं, 40 हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक मशीन. ‘टक्’ आणि शांतता. बोटवाल्या पोराने मीटर काढला. मीटर दिसला की निदानकारांचा चेहरा पडतो. यंत्राने माणसाच्या कामात ढवळाढवळ करू नये असं त्यांचं मत आहे.

“12.6,” पोरगा म्हणाला.

“ता वरसून. आतसून मेली हा.”

आता यात तथ्य आहे, हीच तर पंचाईत. बॅटरी नुसती पडून असताना ठणठणीत दिसते आणि भार पडला की झोपते. म्हणून पोराने चावी फिरवून धरली. व्होल्टेज जवळजवळ हललंच नाही. म्हणजे बॅटरी द्यायला तयार, पण घेणारं कुणी नाही. गर्दीत पुण्याचे एक इंजिनिअर होते. त्यांनी ओहमचा नियम सांगायला घेतला. निदानकारांनी “तुमचा इंजिन गोड्या पाण्यातला,” एवढ्यावर त्यांना निकालात काढलं.

पोराने मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं इंजिनच्या अंगावर ठेवून पुन्हा चावी फिरवली. जिथे जेमतेम पाव-अर्धा व्होल्ट दिसायला हवा, तिथे कितीतरी जास्त. म्हणजे वाट धरलेल्या बारांतले बहुतेक रस्त्यातच गडप. काळ्या वायरच्या टोकाचा लग काढला तर खाली हिरवी पूड. खाऱ्या हवेने तांबं खाल्लेलं. “काकानू, वायच बाजूक सरा,” म्हणत त्याने कुजलेला तुकडा कापला, नवा लग दाबला, बोल्टाखालची जागा पॉलिश पेपरने घासली आणि वर ग्रीस लावलं. खर्च एका चहाचा.

मशीन लागलं, निळा धूर सोडत.

निदानकार खाली वाकून कापलेला तुकडा न्याहाळत होते. “ह्या वायरीक बॅटरीयेनच खाल्ल्यान,” ते इंजिनिअरना समजावू लागले, आणि इंजिनिअरनी, नवल म्हणजे, मान डोलावली. पण निदानकारांचं अजून समाधान झालेलं नव्हतं. पर्यटक चढले, दोर सुटला, तसे ते धक्क्याच्या टोकापर्यंत धावत आले.

“बंद कर मरे! बंद कर आनी परत लाव! खरोच लागता काय बघूया!”

पोराने ऐकू न आल्यासारखं केलं आणि एक्सलरेटर वाढवला.