आधी पंगत एक करा

आमच्या नगरच्या चर्चमध्ये पुढच्या बाकांवर उपासनेच्या बऱ्याच आधी ‘उपासना संगीत’ची पुस्तकं आणि रुमाल येऊन बसतात. माणसं दुसऱ्या गीताला येतात. मधल्या वेळात नेवाशाकडून एसटीनं आलेली एखादी आजी तिथं टेकली, तर तिला कोणी बोलत नाही, नुसतं बघतात. ती पिशवी उचलते आणि मागे जाऊन बसते. बाक लोकवर्गणीतून झालेले आहेत आणि त्यांच्यावर कुणाच्याही घराण्याचं नाव नाही, तरी दर रविवारी हेच चालतं. मला हे सहन होत नाही.

दुसरी तक्रार शांतीच्या अभिवादनाची. पाळकसाहेब म्हणतात, एकमेकांना शांती द्या. हात पुढे होतात ते मामाकडे, व्याह्याकडे, आपल्या गटातल्या माणसाकडे. पंच कमिटीच्या मागल्या निवडणुकीत समोरासमोर उभे राहिलेले दोघे नेमके त्याच वेळी पुस्तकात पुढचं गीत शोधू लागतात. मग त्याच हातांनी दोघंही प्रभुभोजनाची भाकर घेतात. वैर घेऊन वेदीकडे येऊ नये, आधी भावाशी समेट करावा, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे, आणि आमच्याकडे ते संडे स्कूलच्या पोरांनाही माहीत आहे.

हे गाऱ्हाणं क्षुल्लक आहे असं मला सांगतात. मी ते मानत नाही, कारण या जिल्ह्यात मंडळी उभीच राहिली ती असल्या क्षुल्लक गोष्टींवर. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरात आलं. पुढं खेड्यापाड्यांतून मंडळीत आलेले बहुतेक लोक महार समाजातले, काही मांग समाजातले. गावानं दोघांनाही वेशीबाहेर ठेवलं होतं, आणि तेही एकमेकांच्या हातचं खात नव्हते. त्यांनी एका भाकरीला हात लावायचा, एका पेल्याला ओठ लावायचे, ही त्या काळी केवढी गोष्ट होती! नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि नातलग तुटले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत आल्या तरी किती तरी दिवस सोवळं सांभाळून होत्या. मग स्वतः विचार करून त्यांनी ते सोडलं. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त सगळं आहे. त्या माणसांनी जात सोडली, माहेर सोडलं. आमच्याच्यानं बाकावरचा रुमाल उचलवत नाही.

बाहेरच्या जगाला आम्ही ऐक्याचा दाखला देतो तो २९ नोव्हेंबर १९७० चा. त्या दिवशी नागपुरात सहा मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी झाली. बाळाचा बाप्तिस्मा करणारे आणि जाणत्या वयाचाच बाप्तिस्मा मानणारे, बिशप असलेले आणि नसलेले, असे सगळे त्यात आले. त्यांच्या वाटाघाटी चाळीस वर्षं चालल्या होत्या. इथं एका गटानं नाताळची गाणी बसवली की दुसऱ्या गटातल्या मुली सरावालाच येत नाहीत.

कापणीच्या सणाचं तर बोलायलाच नको. कुणी भोपळा आणतं, कुणी बाजरी, कुणी गावरान कोंबडी. उपासनेनंतर लिलाव होतो. पूर्वी हसतखेळत बोली व्हायची, वस्तू घेणारा ती एखाद्या गरजू घरी देऊन टाकायचा. हल्ली समोरच्या घराण्याला खाली बघायला लावण्यासाठी बोली चढते. परवाच्या सणाला शेतमजुरी करणाऱ्या एका बाईंनी ओच्यातून चार अंडी आणली होती. त्यांवर आधी कुणी बोलीच लावली नाही. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. शेवटी पाळकसाहेबांनीच घेतली.

आणि प्रीतिभोजन! कमिटीची माणसं आणि पाहुणे आत टेबलाशी, खेड्यांवरून आलेली मांडवात, दुसऱ्या पंगतीला. तोवर रस्सा पातळ झालेला असतो आणि फोडी संपलेल्या असतात. पौलानं करिंथकरांना याच कारणासाठी खडसावलं होतं: काहीजण आधी खाऊन घेतात, काहीजण उपाशी राहतात, म्हणून. पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय तो. त्याच पत्रातला तेरावा, प्रीतीचा, आम्ही प्रत्येक लग्नात वाचतो. जेवणाच्या आधी अकरावा वाचा, असं मी कमिटीला लेखी कळवलं आहे. यंदाच्या नाताळात टेबलं मांडू नका, सगळ्यांना एकाच सतरंजीवर बसवा, लांबच्या गावच्यांना आधी वाढा, आणि वाढायला निवडणुकीतल्या त्या दोघांना एकाच पातेल्यावर उभं करा, हेही त्या अर्जात आहे. उत्तर आलेलं नाही. पुढच्या बैठकीत मी पुन्हा विचारणार आहे.