बागेतल्या रेल्वेचा मेगाब्लॉक

(इंग्लंडात घरामागच्या बागेत रेल्वे चालवणाऱ्या समस्त मालकांसाठी मार्गदर्शक सूचना)

आधी एक गैरसमज दूर करू. गाडी धावावी म्हणून रूळ टाकतात, असे नवशिक्यांना वाटते. प्रत्यक्षात रूळ कुठे बिघडला आहे हे कळावे, एवढ्यासाठीच गाडी सोडायची असते. न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने १९६८ साली एलजीबी ही उघड्यावर चालणारी, ४५ मिलिमीटर गेजची छोटी रेल्वे बाजारात आणली. तेव्हापासून कित्येक सभ्य गृहस्थ खोक्यातून इंजिन काढताना रेल्वेमंत्री असतात आणि पहिला हिवाळा सरेपर्यंत गँगमन होतात.

१. पाहणी : उभ्याने काही दिसत नाही. गवतावर पालथे पडावे, गाल जमिनीला टेकवावा आणि एक डोळा मिटून रुळाच्या रेषेत बघावे. थंडीत ओली माती गोठून फुगते, त्यामुळे शरद ऋतूत सपाट असलेला मार्ग आता घाटातून जाताना दिसेल. शेजारी कुंपणावरून तब्येतीची चौकशी करतील. उठू नये. अधिकारी पाहणीच्या वेळी बोलत नसतात.

२. खडी : गोल गोजिरे खडे वर्ज्य. ते घरंगळतात आणि स्लीपरही सोबत नेतात. तीन ते सहा मिलिमीटरची टोकदार कच घ्यावी. तिचे कोपरे एकमेकांत अडकून रूळ जागेवर राहतो. ब्लॅकबर्ड नावाचा काळा पक्षी गांडुळांच्या शोधात ही कच चोचीने उडवून लावील. त्याच्यावर खातेनिहाय चौकशी लावता येत नाही. ब्रशने कच परत सारावी आणि झारीने पाणी मारून बसवावी.

३. सांधे : पितळ उन्हात वाढते. दहा मीटर रूळ ३० अंशांनी तापला की पावणेसहा मिलिमीटरच्या आसपास लांबतो. तेवढी जागा तुम्ही सांध्यांत ठेवली नसेल, तर रूळ ती फुलझाडांच्या वाफ्यात शोधतो. म्हणून थंडीत रूळ टाकताना सांध्यांत थोडी थोडी फट सोडावी. रुळातून वीजही खेळते. इंजिन एकाच जागी वारंवार मान टाकत असेल, तर इंजिन उघडू नये. (सगळे उघडतात.) सांधपट्टी काढून आतून घासावी आणि वीजवाहक ग्रीस लावून परत बसवावी.

४. सफाई : रुळाचा माथा भांड्यांच्या हिरव्या घासणीने घासावा. स्टील वूल नको. त्याचे बारीक तंतू मोटरच्या चुंबकाला चिकटतात. घासणी स्वयंपाकघरातून आणली असल्यास मालमत्ता हस्तांतराची नोंद ठेवू नये. चढावर गोगलगाय गाडीखाली आली, तर चाके जागच्या जागी फिरतात. रूळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. पानगळीत गाड्या रद्द कराव्या लागल्या तर ओशाळू नये. ब्रिटनची खरी रेल्वेही पानांकडेच बोट दाखवते.

५. मेगाब्लॉक : मुंबईच्या थोर परंपरेनुसार तो रविवारीच घ्यावा, म्हणजे गाडी बघायला आलेल्या सर्व पाहुण्यांची सोय एकदमच बुडते. बरोबर ४५ मिलिमीटरची लाकडी पट्टी दोन रुळांच्या मधून सरकवत न्यावी. अडकेल तिथे रूळ आवळला आहे, खुळखुळेल तिथे फाकला आहे. नातवंडांनी गाडी कधी सुटणार असे विचारल्यास गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करावी. वेळ सांगू नये.

६. चाचणी : महागडे इंजिन लगेच सोडू नये. सर्वांत लांब डबा हाताने ढकलत पूर्ण फेरी मारावी, मग उलट दिशेने मारावी. डबा कुठेच घसरला नाही, तर मार्ग निर्दोष आहे. ही परिस्थिती गंभीर समजावी. खात्याला काम उरलेले नसल्याने त्याच दिवशी, अंधार पडण्यापूर्वी, नव्या लूप लाइनसाठी हिरवळ खणायला घ्यावी.