आप्पा गाडी बघतात

आप्पांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, टेप असते. सुरतेत पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये ते फोल्डिंग मास्तर आहेत, त्यामुळे दिवसभर ताके मोजणं आलंच; पण ही टेप गिरणीची नाही. पाच मीटरची, मागे चाप असलेली ही पोलादी टेप त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतली आणि ती फक्त गाड्या मोजायला ठेवली आहे. आजवर तिने किती गाड्या मोजल्या याचा हिशेब वहिनींकडेही नाही. घेतलेल्या गाड्यांचा हिशेब सोपा आहे. एकही नाही.

बमरोलीतल्या आमच्या गल्लीत निम्म्याहून जास्त घरं खानदेशातली. कोणी पारोळ्याकडचं, कोणी शिरपूरचं, कोणी साक्रीचं. आप्पा अमळनेर तालुक्यातले. सुरतेला आलेल्या आमच्या माणसाचा क्रम ठरलेला असतो: आधी भाड्याची खोली, मग मोटरसायकल, मग हप्त्यावरचं रो-हाऊस, आणि त्यानंतर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावच्या पारासमोर स्वतःच्या गाडीतून उतरणं. आप्पांचं शेवटचं तेवढं राहिलंय. गावी कोणी विचारलंच, "आप्पा, गाडी कव्हय लेशी?" तर ते गंभीरपणे सांगतात, "बघणं चालू शे."

हे बघणं झायलो बाजारात आली तेव्हापासून, म्हणजे २००९ पासून चालू आहे. तेव्हा त्यांची मुलगी वहिनींच्या कडेवर होती आणि शोरूमवाल्याने तिला फुगा दिला होता. आता ती बी.कॉम.ला आहे, तिचं स्वतःचं लायसन आलंय, आणि शोरूममध्ये शिरल्या शिरल्या ती सेल्समनला सांगते, "भैया, ब्रोशर दे दो, चाय रहने दो." अनुभवाने माणूस शहाणा होतो. आप्पा सोडून.

त्यांना चेष्टेवारी नेऊ नका. हा माणूस गाडीला फक्त तीन गोष्टी मागतो. सात माणसं नीट बसली पाहिजेत, ती जिवंत पोचली पाहिजेत आणि सीएनजीचा खर्च परवडला पाहिजे. यात वावगं काय आहे? ज्या बमरोलीत शहराचं सांडपाणीसुद्धा शुद्ध करून २०१४ पासून पांडेसऱ्याच्या गिरण्यांना विकलं जातं, तिथला माणूस न तपासता गाडी का घेईल? अडचण एवढीच, की आप्पांना या तिन्ही गोष्टी एकाच गाडीत, एकाच वेळी आणि त्यांच्या बजेटात हव्या आहेत.

सात माणसं म्हणजे पाच घरातली आणि दोन डिंडोलीची. घरात आप्पा, वहिनी, दोन मुलं आणि माय. डिंडोलीला धाकटा भाऊ आणि त्याची बायको. शिवाय सामान. जाताना सामान कमीच असतं, एखादी साडी, मुलींसाठी ड्रेसपीस. येताना मात्र दादर ज्वारीचं पोतं, तुरीची डाळ, बिबडे, कुरडया, लोणच्याची बरणी, आणि एका वर्षी तर मांडे करायचं खापर. आप्पांनी बसून हिशेब मांडला, की पन्नास किलो दादरच्या पोत्याला सत्तरेक लिटर जागा लागते. ट्रायबरच्या तिन्ही रांगा उभ्या ठेवल्या तर मागे उरतात ८४ लिटर. म्हणजे एक पोतं, आणि वर चपलांचा एक जोड. अर्टिगाची डिकी २०९ लिटरची, तिथे दोन पोती आणि बरणी सहज मावते. आप्पा खुलले. मग सीएनजी मॉडेलचं दार उघडलं तर बरणीच्या जागी सिलिंडर होता. ६० लिटरचा. आप्पांनी त्याची लांबी, रुंदी, उंची मोजली, वहीत लिहिली आणि सेल्समनला शांतपणे विचारलं, "याला कुठे ठेवता येईल?"

सेल्समन नवा होता. तो म्हणाला, "काका, आ तो फिक्स छे."

"मग खापर कुठे ठेवायचं?"

खापर म्हणजे काय हे त्या पोराला माहीत नव्हतं. आप्पांनी समजावून सांगितलं, मांडे कसे करतात तेही सांगितलं, आणि त्यात पाऊण तास गेला. एका गिऱ्हाइकावर इतका वेळ घालवणं परवडतं का, असं त्या पोराला विचारायची माझी इच्छा होती, पण आप्पांनी मला साक्षीदार म्हणून नेलं होतं.

जागेचा खरा निकाल मात्र टेप देत नाही, माय देते. उधना-मगदल्ला रोडवरच्या एका शोरूममध्ये आप्पा एका रविवारी तिला घेऊन गेले. तिसऱ्या रांगेत कोण बसणार हा प्रश्न घरात सुटलेला नव्हता. वहिनींचं म्हणणं मुलांनी बसावं, मुलांचं म्हणणं डिंडोलीवाल्यांनी, आणि डिंडोलीवाले त्या दिवशी आलेच नव्हते. "सात सीटर छे, आरामथी बेसाशे," असं म्हणत सेल्समनने मधली सीट पुढे पाडली. माय नऊवारीचा काठ सावरत आत शिरली. आत जाणं जमलं. बसली. गुडघे पुढच्या सीटच्या पाठीला टेकले, डोकं छताला टेकलं नाही एवढंच. आप्पांनी लगेच टेप आत घातली आणि गुडघ्यापासून पाठीपर्यंतचं अंतर घ्यायला सुरुवात केली. अंतर नव्हतंच, त्यामुळे टेपचं टोक मायच्या गुडघ्याला लागलं. ती म्हणाली, "मी आठे बसाव नही." आणि मग तिला बाहेर येता येईना. उजवा पाय आधी काढावा की डावा, यावर दोन सेल्समन, एक मॅनेजर आणि आप्पा यांची चर्चा झाली. शेवटी वहिनींनी सगळ्यांना बाजूला केलं, मायला उलटं वळवलं आणि शिडीवरून उतरवावं तसं उतरवलं. मॅनेजरने थंडा मागवला. मायने तो प्यायला आणि मॅनेजरला आशीर्वाद दिला. त्या दिवसाचा एकूण व्यवहार तेवढाच.

सुरक्षेचं खातं आप्पांनी मनावर घेतलं ते सप्टेंबर २०२२ पासून. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला, मागच्या सीटवर बसलेले दोघे गेले, आणि त्यांनी पट्टे लावलेले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. तो आमचाच मुंबई-अहमदाबाद हायवे. आप्पा त्या आठवड्यात खरंच हादरले होते. त्यानंतर त्यांनी क्रॅश टेस्टचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली, आणि गल्लीतल्या पोरांना क्रिकेटचे स्कोअर पाठ असतात तसे आप्पांना तारे पाठ झाले. अर्टिगाला २०१९ साली तीन, आणि आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या अर्टिगाला २०२४ मध्ये एक. ट्रायबरला २०२१ मध्ये मोठ्यांसाठी चार, मुलांसाठी तीन. कॅरेन्सला २०२२ मध्ये तीन. नेक्सॉन २०१८ साली पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी, पण तिच्यात सीट पाचच. आप्पांच्या मते तारे पाच आणि माणसं सात हे गणित जमत नाही.

त्यांना अडलेला मुद्दा मात्र वेगळाच आहे, आणि तो ऐकून मीसुद्धा गप्प झालो. समोरच्या धडकेच्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटरने आदळवतात. पुढे मोठ्या माणसांएवढे दोन डमी असतात, मागे दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे दोन. आप्पांनी तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला आणि विचारलं, "तिसऱ्या रांगेत कोण आहे?"

तिसऱ्या रांगेत कोणीच नसतं.

"म्हणजे माय जिथे बसणार, तिथे कोणाला बसवून बघितलंच नाही?"

यावर आजपर्यंत एकाही शोरूमने समाधानकारक उत्तर दिलेलं नाही. एकाने एअरबॅग सहा आहेत असं सांगितलं. आप्पांनी विचारलं, "माणसं किती?"

अ‍ॅव्हरेजच्या बाबतीत आप्पांना कोणी फसवू शकत नाही, कारण तिथे गिरणीचा अनुभव कामी येतो. कंपनीने अर्टिगा सीएनजीचा आकडा किलोला २६.११ किलोमीटर असा सांगितला, की आप्पा डोळे मिटून म्हणतात, "हा ग्रेचा मीटर झाला. फिनिश किती?" ग्रे कापड प्रोसेसमध्ये आटतं, तसा हा आकडा रस्त्यावर आटणार, वीस टक्के शॉर्टेज धरा, एकवीस हातात. त्यातून कोंडाईबारीचा घाट वजा, एसी वजा, मायला दर तासाला पाय मोकळे करायला थांबावं लागतं ते वजा. सेल्समन कॅल्क्युलेटर काढेपर्यंत आप्पांनी बमरोली ते अमळनेर, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, साक्री, धुळे, पारोळा असा सगळ्या वाटेचा गॅस तोंडी काढलेला असतो. वाटेत सीएनजीची लाइन कुठे मोठी असते हेही त्यांना ठाऊक आहे. स्वतःची गाडी नसलेला दुसरा माणूस पंपावरच्या लाइनची चौकशी करत असेल असं मला वाटत नाही.

इतका काटेकोरपणा चालतो तेव्हा कंपन्या थांबून राहत नाहीत. आप्पांनी मोबिलिओचं टायर उचलून बघितलं, ती २०१७ मध्ये बंद झाली. टवेराही त्याच साली गेली. लॉजीत त्यांना मधली रांग आवडली होती. २०२० मध्ये ती गेली. झायलो आणि सुमो २०१९ मध्ये संपल्या. सुमोचं त्यांना जास्त वाईट वाटलं, कारण ते नाव टाटा मोटर्सच्या सुमंत मुळगावकरांच्या नावातल्या अक्षरांवरून ठेवलं होतं आणि त्यांच्या लग्नाची वरात सुमोतूनच निघाली होती. आता ते लोकांना सांगतात, "मी सांगितलं होतं, ही चालणार नाही." आणि हे खरं आहे. त्यांनी सांगितलं होतं. सगळ्याच गाड्यांबद्दल सांगितलं होतं.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी उतरला तेव्हा गल्लीला वाटलं, आता आप्पांचं घोडं गंगेत न्हालं. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांना अठरा टक्के, मोठ्यांना चाळीस. पूर्वी सेस धरून अर्टिगाला पंचेचाळीस लागत होते, म्हणजे तीही स्वस्त झाली आणि ट्रायबर त्याहून स्वस्त झाली. गल्लीतल्या दोघांनी त्याच महिन्यात गाड्या आणल्या, नारळ फुटले, चाकाखाली लिंबं ठेवली गेली. आप्पांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "आत्ता गर्दीत घेऊ नये. अजून उतरेल."

एवढं सगळं बघणारा माणूस गावी कसा जातो, हे मात्र सांगायला हवं. गेल्या दिवाळीला एका ओळखीच्याची व्हॅन भाड्याने घेतली. तिचे तारे आप्पांनी विचारले नाहीत. बसणारी माणसं सात होती, पण निघताना शिरपूरवाला शेजारी, त्याची बायको आणि पुतण्या यांना "धुळ्यापर्यंतच" म्हणून घेतलं. मागच्या सीटवर पट्टे होते. ते सीटच्या फटीत कधीचे रुतले होते आणि त्यांच्यावर मुरमुऱ्यांची पिशवी होती. आप्पा ड्रायव्हरशेजारी बसले, पुतण्याला मांडीवर घेतलं, आणि नियम म्हणजे नियम म्हणून एकच पट्टा दोघांच्या अंगावरून ओढून खट्‌कन लावला. कायद्यानुसार पट्टा नसेल तर दंड हजार रुपये, चौदा वर्षांखालच्या मुलाला नीट बांधलं नसेल तर तोही हजार, हे ड्रायव्हरला त्यांनी कडोदऱ्यापर्यंत समजावून सांगितलं. ड्रायव्हर मान डोलवत होता आणि मोबाईलवर बोलत होता.

परत आल्यावर वहिनी बोलल्या. एरवी त्या या विषयात पडत नाहीत. "सातजण वर्षातून दोनदा लागतात. बाकी सगळं वर्ष आपण पाच. त्यातही माय देवळापलीकडे जात नाही, म्हणजे चार. आणि गाडी पोरगी चालवणार, तुम्ही नाही. पाच सीटची चांगली मजबूत गाडी घ्या, दादर पार्सलने मागवा आणि डिंडोलीवाल्यांना रेल्वेचं तिकीट काढून द्या."

मला विचाराल तर गाडी निवडण्याबद्दल यापेक्षा शहाणं बोलणं मी कुठल्याही शोरूममध्ये ऐकलेलं नाही. आप्पांनाही पटलं. त्यांनी लगेच नवी वही आणली, पहिल्या पानावर "पाच सीट" लिहून खाली दोन रेघा ओढल्या, आणि पुढच्या रविवारी टेप घेऊन पहिल्या शोरूमपासून पुन्हा सुरुवात केली.

या आखाजीची तिकिटं उधन्याहून अमळनेरची काढली आहेत. पाच कन्फर्म आहेत, डिंडोलीवाल्यांची दोन वेटिंगवर.