फुलकोबीचा उतारा

"घरी हायेस का वं? जरा भिंतीपाशी ये."

काकूंचा आवाज आला तेव्हा मी दोरीवरचे कपडे झटकत होते. धानाचा हंगाम सुरू झाला की गोंदियात कपडे आधी झटकायचे आणि मग घडी घालायचे. उसना तांदूळ करायला मिलच्या बॉयलरमध्ये तूस जळतं आणि त्याची काळी राख पांढऱ्या बनियनवर बरोब्बर येऊन बसते. आमची आणि काकूंची भिंत छातीइतकी. मुनग्याच्या झाडाजवळ तिच्या दोन विटा पडल्या आहेत, त्या आम्ही कोणी बसवत नाही. वाट्यांची ये-जा तिथूनच होते.

आज वाटी नव्हती. काकूंनी एक प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली. आत पांढरं, टणक, विटेच्या आकाराचं काहीतरी.

"पडलेल्या विटेच्या जागी बसवायचं का हे?" मी विचारलं.

"तांदूळ हाय तो," काकू हळूच म्हणाल्या, आणि मागं वळून बघितलं. "तुझ्या काकासमोर बोलू नको. फुलकोबीचा."

प्रकार असा झाला. काकूंचा धाकटा पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे. संक्रांतीला आठ दिवस आला, बापाचा शुगरचा रिपोर्ट वाचला आणि जाहीर केलं की उद्यापासून घरात भात बंद. बाजारात फुलकोबी दहा रुपयांना गड्डा झालेली. हा वीस गड्डे घेऊन आला. दोन दिवस मिक्सर फिरला, बावीस पिशव्या झाल्या, फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात कोंबल्या. मग सुट्टी संपली, पोरगा पुण्याला, पिशव्या इथं.

"मटर सोलून ठेवायला जागा नाई वं! आईस्क्रीम तर सोड, बर्फ जमवायला नाई," काकू म्हणाल्या.

आता काका कोण, ते सांगायला पाहिजे. काका चौतीस वर्षं एका राइस मिलमध्ये मुनीम होते. मुठीत तांदूळ घेऊन दोनदा चोळला की ओलावा किती ते सांगतात. चिन्नोर शिजत असेल तर गल्लीच्या तोंडाशी ओळखतात. दादाजी खोब्रागडेंनी शोधलेल्या एचएमटी तांदळाचं नाव निघालं की उभे राहून बोलतात, म्हणजे नावामागचं घड्याळ, दादाजींचं नांदेड गाव आणि एक तास. अशा माणसाच्या ताटात पोरानं फुलकोबीचा चुरा वाढला आणि म्हणाला, "बाबा, राइस."

काकांनी चिमटीत धरून पाहिला. म्हणाले, "आमच्या वेळी सरकारी तांदळात 25 टक्के कणकी चालत होती. ही तर शंभर टक्के कणकी हाय. अन् ओली."

पोरगा म्हणाला, कणकी नाही बाबा, कॉलीफ्लॉवर राइस. काका म्हणाले, "एका क्विंटल धानाचा 67 किलो तांदूळ द्या लागते. उसना असन तर 68. तुझ्या कोबीचा उतारा किती?"

पोराजवळ उत्तर नव्हतं. मी नंतर मोजलं, म्हणून सांगते: एक किलोच्या गड्ड्यातून पानं आणि जाड दांडा काढून टाकला तर सहाशे ग्रॅम, आणि कढईत पाणी उडाल्यावर चारशे. दांडा फेकला नाही, किसून घातला, तर आकडा जरा सुधारतो. मिल असती तर बंद पडली असती.

पोरगा गेल्यावर काकूंनी पहिल्या दिवशी तो "तांदूळ" तांदळासारखाच मांडला. धुतला, दुप्पट पाणी, कुकर, तीन शिट्ट्या. "अवो माय," काकू पदरानं नाक झाकून म्हणाल्या, "शेजारच्या गल्लीतून मांजर आली पाहायला." कोबीच्या जातीत गंधकाचे पदार्थ असतात. दोन-चार मिनिटं शिजवलं तर ते गप्प बसतात, जास्त शिजवलं की सडक्या अंड्याचा वास सोडतात. दुसऱ्या दिवशी काकू शहाण्या झाल्या आणि रात्रीच पिशवी काढून कोपरात, म्हणजे परातीत, ठेवली. सकाळी कोपरात तळं, त्यात मधोमध मऊ गोळा.

मला यातलं थोडं कळतं, कारण माझी नणंद न्यू जर्सीत असते आणि मी तिच्याकडे तीन महिने राहून आले. तिथं हा चुरा दुकानात गोठवलेलाच मिळतो आणि ती आठवड्यातून तीनदा करते. मी भिंतीवर कोपर टेकून काकूंना शिकवणी सुरू केली.

"काकू, 100 ग्रॅम फुलकोबीत 92 ग्रॅम पाणीच असते. गोठवलं की त्या पाण्याचे काटे होतात आणि आतून टोचतात. विरघळलं की सगळं बाहेर. म्हणून विरघळू द्यायचंच नाही. पिशवी ओट्यावर दोनदा आपटायची, तुकडे झाले की थेट तापलेल्या कढईत. आच मोठी. झाकण ठेवायचं नाही."

"झाकण नाई?"

"अजिबात नाही. झाकलं की वाफेचं पाणी पुन्हा आतच. मीठ शेवटी, सराट्यानं हलवून खाली उतरवताना. आधी टाकलं की पुन्हा पाणी सुटते."

पोराच्या दोन चुका निघाल्या. चुरा उकळत्या पाण्यात दोन मिनिटं काढून गार पाण्यात बुडवायचा, हे त्यानं बरोबर केलं होतं. त्याशिवाय गोठवलं तर महिन्याभरात रंग आणि चव दोन्ही उतरतात. पण नंतर कापडावर पसरून कोरडा केला नाही, ओलाच कोंबला, म्हणून वीट झाली. आणि पिशव्या जाड भरल्या. पापडासारख्या चपट्या भरल्या असत्या तर हातानं मोडल्या असत्या. आणखी एक गोष्ट काकूंनीच विचारली, आणि ती मोठी होती: "अळ्या पाहिल्या असतील का त्यानं?" कारण एकदा मिक्सर फिरला की अळी आणि कोबी यांत फरक करणारा माणूस अजून जन्मायचा आहे. किसायच्या आधी तुरे मीठ-हळदीच्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बुडवायचे. पोराला फोन लावला. तो म्हणाला, "हो, युट्यूबवर होतं." काकूंचा जीव भांड्यात पडला.

एवढ्यात काका आलेच.

"काय चाललं?"

लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "काका, एवढा राग कशाला? एकादशीला तुम्ही भगर खाता. तिला वरईचे तांदूळ म्हणता. ती कुठं धानाची आहे?"

काका क्षणभर थांबले. मग म्हणाले, "भगर दाणा हाय. उफणता येते, सुपात पाखडता येते. हे पाखडून दाखव."

मी हरले. पण मग मी त्यांना आर्कान्सॉची गोष्ट सांगितली आणि काकांचा चेहराच बदलला. अमेरिकेतला जवळजवळ निम्मा तांदूळ आर्कान्सॉ राज्यात पिकतो, म्हणजे तिकडचा गोंदियाच समजा. फुलकोबीच्या चुऱ्यावर "राइस" छापून विकायला लागले तेव्हा तिथले धानवाले चिडले, आणि 2019 साली राज्यानं कायदाच केला: जे तांदूळ नाही त्याला तांदूळ म्हणून विकायचं नाही. चूक झाली तर हजार डॉलरपर्यंत दंड.

"हजार डॉलर!" काकांनी भिंतीवर हात मारला, तिसरी वीट हलली. "पाहा, शहाणी माणसं हायेत दुनियेत. पोराले फोन लाव."

मग मला ऐकवलं, "अन् ही फुलकोबी तरी आली कवा?" मी म्हटलं, 1822 साली, इंग्रजांनी सहारनपूरच्या बागेत आणून लावली. "मंग!" काका म्हणाले. "कोलू पाटलानं नवेगावबांधचा तलाव बांधला तवा हिंदुस्थानात फुलकोबीचा पत्ता नव्हता. आम्ही तलावाच्या पाण्यावर धान पिकवत होतो." या हिशेबात फुलकोबी सासरी नुकतीच आलेली सून ठरली आणि काका जरा मवाळ झाले.

पण पोराचा मुद्दा अगदीच चूक नव्हता, हे मी काकांच्या तोंडावर बोलले. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात 28 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, तेवढ्याच फुलकोबीत 5. फरक मोठा आहे. उलट फरक मोठा आहे म्हणूनच घोटाळा झाला. पोरानं भात बंद केला, शुगरची गोळी मात्र तीच राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी काकांना दरदरून घाम फुटला, हात थरथरले, काकूंनी गूळ चारला तेव्हा माणूस ताळ्यावर आला. डॉक्टर ओरडले. गोळीचा डोस रोजचं जेवण धरून ठरलेला असतो, ताट बदलायचं तर आधी विचारायला पाहिजे होतं. मग त्यांनी भात अर्धा करा म्हटलं, बाकीची जागा भाजीनं भरा म्हटलं, आणि तपासण्या लिहून दिल्या.

"भाजीनं भरा," हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. "काकू, आपण याला तांदूळ म्हणतो म्हणून भांडण आहे. भाजी म्हणा. भाजीवर काका काही बोलणार नाहीत."

त्या दुपारपासून पिशव्या उतरायला लागल्या. पहिला झुणका झाला, आणि गोठवलेल्या चुऱ्याला झुणक्यासारखी जागा नाही. जिरं, मोहरी, लसूण, हिरवी मिरची, चुरा टाकून पाणी अर्धं उडू द्यायचं आणि वरून बेसन पेरायचं. जे पाणी आपल्याला नको असतं तेच बेसनाला हवं असतं. वेगळा थेंब घालावा लागत नाही. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर बरं का, पुण्याच्या वाचकांनी इडली शोधू नये. काकांनी दोनदा घेतलं.

दुसऱ्या आठवड्यात आयते. तांदळाच्या पिठाच्या पातळ घोळात मूठभर चुरा, तिखट, जिरं, आणि तव्यावर ओतायचं. इथं मात्र चुरा आधी कढईत कोरडा करून घ्यावा लागतो, नाहीतर आयता तव्याला धरून बसतो. माझे पहिले दोन तसेच बसले. मग लाखोरीच्या डाळीचे वडे. डाळ भिजवून जाडसर वाटली, चुरा कापडात घट्ट पिळून घातला. पिळलेलं पाणी फेकायचं नाही, वरणात जातं. धान उभं असतानाच त्याच बांधीत लाखोरी पेरायची, हे इथलं जुनं गणित. धानाच्या शेवटच्या ओलीवर आलेली डाळ आणि डिपफ्रिजातली कोबी एका कढईत आल्या, हे कोलू पाटलानंही पाहिलं नसेल. या वड्यांची वाटी भिंतीवरून माझ्याकडे आली आणि अर्ध्या तासात रिकामी झाली. रिकामी परत पाठवायची नाही म्हणून मी तिच्यात बोरं घातली.

मधे एकदा रात्रभर लाइन गेली. काकू मध्यरात्री फ्रिजचं दार उघडून पाहायला निघाल्या होत्या. मी खिडकीतून ओरडले, "उघडू नका! बंद राहिला तर थंडी टिकते." सकाळी तीन पिशव्या मऊ पडल्या होत्या, पण गार होत्या. पुन्हा गोठवायच्या नाहीत म्हणून तिन्ही एकदम निघाल्या आणि त्या दिवशी दोन्ही घरांत पराठेच झाले.

परवा शेवटच्या पिशवीचा झुणका झाला. काकूंनी ताट वाढलं. झुणका पाहून काका म्हणाले, "चांगला दिसते. याच्यासंगं भात हाय ना?" काकूंनी मोजून अर्धी मूद वाढली. काकांनी मुदीकडे पाहिलं, झुणक्याकडे पाहिलं, आणि झुणका अजून मागितला.

संध्याकाळी पुन्हा हाक आली. काकूंच्या हातात मिक्सरचं मोठं भांडं आणि किसणी होती. विटा पडलेल्या जागेतून दोन्ही वस्तू माझ्याकडे आल्या.

"पोरगा होळीले येऊन राहिला. मने, आई, राइस संपला असन, यावेळी गाजराचा पण करू. तुझ्याकडं ठेव हे. विचारलं तर दुरुस्तीले टाकलं म्हणजो."