कुचकामीपणाचा दाखला

अप्पा एखाद्या जुन्या वाड्याच्या पायऱ्या चढू लागले, की यजमान बैठकीचं दार हळूच ओढून घेतो. बैठकीच्या भिंतीवर बंदूक असते. परवान्याच्या भानगडीपायी लोक पोलिसांपासून बंदूक लपवतात असं आपण ऐकून असतो. आमच्या भागात ती अप्पांपासून लपवतात.

त्याचं असं आहे, की वाई-साताऱ्याकडच्या वाड्यांत जी म्हणून बंदूक टांगलेली आहे, ती पानिपतावर जाऊन आलेली असते. (इतक्या बंदुका खरंच तिकडे पोचल्या असत्या, तर 14 जानेवारी 1761 ची संध्याकाळ आपल्याला जरा बरी गेली असती.) घरची माणसं हे चार पिढ्या सांगत आलेली, पाहुणे चार पिढ्या मान डोलावत आलेले. अप्पा मात्र चष्मा कपाळावर सरकवून भिंतीला नाक लावतात, घोड्याखालच्या बोंडावर बोट टेकवतात आणि एखाद्या डॉक्टरानं नातेवाइकांना बाजूला घ्यावं तशा आवाजात म्हणतात, "ही टोपीची आहे हो."

यजमानाला वाटतं, कौतुक चाललंय.

"टोपी म्हणजे घोडा जिच्यावर आपटतो ती तांब्याची टिकली. ती आली 1820 च्या सुमारास. पानिपतात तोड्याच्या बंदुका होत्या, गारेच्या होत्या. तुमच्या खापरपणजोबांनी ही साठ वर्षं आधी कुठून पैदा केली?" मग खिशातून भिंग निघतं. कळीच्या पट्टीवर बारीक मुकुट असतो, त्याशेजारी इंग्रजीत 'टॉवर' आणि एक साल. "1862. एनफिल्डचा नमुना. विलायती माल." तोवर घरातल्या म्हातारीनं पदर तोंडाला लावलेला असतो.

यात दुष्टावा नाही. अप्पांची सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात, मोजणीवर गेली. लोकांच्या बांधाविषयीच्या श्रद्धा साखळी टाकून मोजायच्या आणि चार बोटं कमी भरल्या की तसं पंचनाम्यात लिहायचं, हेच तीस वर्षं केलं. निवृत्तीनंतर शेतं गेली, बंदुका आल्या. सवय तीच राहिली.

एकदा एका स्नेह्यानं मोठ्या हौसेनं सरहद्दीवरची ली-एनफिल्ड दाखवली. थ्री-नॉट-थ्री, छापबीप सगळं जिथल्या तिथं. अप्पांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. "एन उलटा आहे," म्हणाले. दर्रा आदम खेलचे कारागीर कानस घेऊन अख्खी रायफल हुबेहूब उतरवतात, छापासकट; पण अक्षर ओळखीचं नसल्यामुळे कधी एन आरशातला होतो, कधी स्पेलिंग घसरतं. "माणसानं आधी वाचावं," असं अप्पा त्या स्नेह्याला म्हणाले. तो आता दिवाळीला फराळाचं ताट पाठवतो, स्वतः येत नाही.

त्यांच्या स्वतःच्या परवान्यावर तीन हत्यारं होती. आजोबांची बारा बोअरची दुनळी, एक ठासणीची आणि एक एकनळी. 2019 मध्ये कायदा बदलला, तिनाच्या जागी दोन झाली, वरची एक वर्षाच्या आत जमा करायची. अप्पा आठ दिवस जेवले नाहीत नीट. वहीत तीन रकाने आखून गुण-दोष मांडले. शेवटी काकू म्हणाल्या, "जी सगळ्यात जास्त तेल पिते ती द्या." शिवणाच्या मशिनचं तेल काकूंच्या घरखर्चातून जात असे. एकनळी गेली. जाताना तिला काकूंच्या जुन्या पातळात गुंडाळलं होतं. ते पातळ परत आलं नाही, याचा उल्लेख काकू अजून करतात, एकनळीचा करत नाहीत.

दुनळी हा अप्पांचा जीव. तिच्या नळ्यांवर नागाच्या कातीसारखी नक्षी आहे. ती कोरलेली नव्हे. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, गजाभोवती गुंडाळून, ठोकून सांधल्या की आपोआप उमटते. अशा नळ्या जुन्या काळ्या दारूपुरत्याच. आजचं काडतूस घातलं तर रानडुकराच्या आधी बार काढणाराच आडवा. परवाना पिकाच्या संरक्षणाचा, शेत कधीच कुळाकडे गेलेलं, त्यामुळे डुकरं निर्धास्त आहेत. निवडणूक आली की दोन्ही बंदुका ठाण्यात जमा. आणि आपल्याकडे निवडणूक नाही असं वर्ष कुठलं? त्या महिन्यांत अप्पा रिकाम्या खुंट्यांकडे पाहत बसतात आणि पावती उशाशी ठेवतात.

पण खरी गोष्ट तिसऱ्या खुंटीवरची.

राजस्थानच्या सहलीत, बाकीचे लोक बांधणीच्या साड्यांत गुंतलेले असताना, अप्पांनी एका मोडीवाल्याकडून तोड्याची बंदूक उचलली. पाच फूट लांब, पितळी पट्ट्या, कुंद्यावर हस्तिदंती फुलं. खंडेनवमीला झेंडूची पहिली माळ तिला. परवाना नाही, कारण लागत नाही असं अप्पांचं वाचन होतं. 1959 च्या शस्त्र कायद्याचं 45 वं कलम त्यांना स्तोत्रासारखं पाठ: हत्यार जुनाट घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोलाचं किंवा मोडकं असेल, आणि दुरुस्ती करून वा न करता बंदूक म्हणून वापरता येण्यासारखं नसेल, तर हा कायदा त्याला लागू नाही.

ह्या कलमानं अप्पांचे दोन अप्पा केले. संग्राहक मित्र आले, की त्यांतला एक बोलतो: "नळी बघा, सुतासारखी सरळ! रंजक ओता, तोडा लावा, आज, ह्या क्षणी शंभर पावलांवरचा माणूस लोळवेल." कोणी खाकीतला साधा समन्स द्यायला आला, की दुसरा बोलतो: "साहेब, कसली बंदूक, पडद्याची दांडी आहे. हिनं उंदीर मरायचा नाही." दोन्ही वाक्यं एकाच खुंटीखाली उभं राहून म्हटलेली मी ऐकली आहेत, एकदा तर अर्ध्या तासाच्या अंतरानं. हिंदुस्थानात जुनं हत्यार जपायचं तर त्याची निंदा करता आली पाहिजे, आणि अप्पा निंदा मनापासून करत नसत. आवाज पडायचा.

वास्तविक गप्प बसले असते तर कोणी विचारलंही नसतं. पण मोजणीदाराला कागदाविना झोप लागत नाही. "कलम आहे, पण दाखला नाही," असं म्हणून त्यांनी अर्ज केला: सदर बंदूक वापरण्यास सर्वथा निरुपयोगी असल्याचा दाखला मिळावा. अर्ज फिरला, स्मरणपत्रं गेली, फाईल जाडजूड झाली. खरं सांगायचं तर अप्पांच्या संग्रहातली सगळ्यात वजनदार वस्तू ती फाईलच. तीन वर्षांनी तपासणीसाठी बोलावणं आलं आणि सोबत म्हणून मी गेलो. बंदूक चादरीत, फाईल पोटाशी.

आर्मरर हवालदार पन्नाशीचा, शांत माणूस होता. त्यानं बंदूक टेबलावर आडवी ठेवली, कुंद्यावरची फुलं नखानं खरवडली ("प्लास्टिक हाय"), आणि एक बारीक तार घेऊन बंदुकीच्या कानात घातली. कान म्हणजे रंजकाची आग जिथून नळीत शिरते ते भोक. तार गव्हाच्या दाण्याएवढी आत गेली आणि थांबली. त्यानं ती फिरवून पुन्हा घातली. पुन्हा थांबली. मग नळीत बॅटरी मारली.

"काका, पाण्याचा पाइप हाय हा. आतनं जोड दिसतोय. कान नुसता वरनं टोचलाय, आरपार न्हाई. कधी उडाली न्हाई, उडणार न्हाई. भितीवर लावायलाच केलेली हाय." त्यानं कोरा कागद ओढला. "तुमच्या अर्जात हाय तसंच लिहून देतो. सर्वथा निरुपयोगी."

तीन वर्षं ज्या दोन शब्दांसाठी अप्पा खेटे घालत होते, ते शब्द टेबलापलीकडे उमटू लागले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चष्मा कपाळावर होता. भिंग खिशातच राहिलं होतं.

"थांबा," अप्पा म्हणाले. "गंज असेल आत. कचरा अडकतो कधीकधी. नीट बघा."

"बघितलं की."

"तोडा लावून बघितला नाही तुम्ही. अहो, हिनं माणूस मरेल!"

हवालदारानं पेन थांबवलं. बंदूक उचलून दोन्ही हातांनी वजन घेतलं.

"डोक्यात घातली तर मरंल."

"मग तसं लिहा," अप्पा म्हणाले.