ध्रुव टाकीमागे गेला

‘उन्हाळा का येतो?’ या पहिल्याच प्रश्नाला आठवीच्या जवळजवळ अख्ख्या वर्गाने ‘पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून’ असं लिहिलं, तेव्हा मला झालेला आनंद चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. दुसऱ्यांच्या अज्ञानाचा एवढा मोठा गठ्ठा आयता हाती येणं फार दिवसांनी घडत होतं. मी लाल पेनात नवी रिफील घातली.

चंद्राच्या कला कशामुळे? पृथ्वीची सावली पडते म्हणून. सूर्य बरोबर डोक्यावर कधी येतो? रोज दुपारी बारा वाजता. सर्वांत तेजस्वी तारा कोणता? ध्रुव. चंद्रयान-३ चंद्रावर कधी उतरलं ते मात्र तारखेसकट, २३ ऑगस्ट २०२३, सगळ्यांना पाठ. कृष्णविवराबद्दल मी अवाक्षर विचारलं नव्हतं, तरी तिघांनी पुरवणी जोडून लिहिलं होतं.

खरं म्हणजे मला पेपर काढायला कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेने ‘आकाशाविषयी दोन शब्द’ बोलायला बोलावलं होतं. पण घरात साडेचार इंची दुर्बीण असलेल्या माणसाचं दोन शब्दांत भागत नाही. सोसायटीत माझ्यामागे मला ‘चांदोबा’ म्हणतात. ते कौतुकाने म्हणतात, असं मी धरून चालतो. बेत असा होता की उत्तरं गोळा करायची आणि ‘कुठे चालली आहे नवी पिढी?’ असा खणखणीत लेख वर्तमानपत्राला पाठवायचा. त्याचं शेवटचं वाक्य तयारसुद्धा होतं. त्यात ‘आर्यभटाच्या देशात’ असे शब्द होते.

तपासायला बसलो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत लांब, १५ कोटी २१ लाखांवर. म्हणजे आपण स्वेटर शोधत असतो तेव्हा सूर्य पन्नास लाख किलोमीटर जवळ आलेला असतो. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून. हे सगळं मी प्रत्येक पेपरावर सुवाच्य अक्षरात लिहीत गेलो. अकराव्या पेपराला हात भरून आला, तेव्हा समासात नुसतं ‘आस!’ लिहायला सुरुवात केली. त्यातून मुलांना कसली आस लागली असेल, देव जाणे. डोक्यावरच्या सूर्यासाठीही माझ्याकडे परिच्छेद होता : पुण्यात तो थेट माथ्यावर येतो वर्षातून दोनदाच, मेच्या मध्यावर आणि जुलैअखेरीस, आणि तेव्हाही घड्याळात साडेबारा उलटून गेलेले असतात, कारण आपलं घड्याळ पुण्याचं ऐकत नाही, मिर्झापूरजवळच्या रेखावृत्ताचं ऐकतं.

मग तो पेपर आला. प्रश्न : ध्रुवतारा कसा ओळखाल? उत्तर : ‘काका गच्चीवर दाखवतात तो नाही. तो साडेनऊला टाकीमागे जातो.’

आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी मुलगी. मी मनसोक्त हसलो आणि लाल पेनाने शून्य काढलं. मग टोपण लावलं. जेवणं उरकल्यावर, पाय मोकळे करायला म्हणून, गच्चीवर गेलो.

ध्रुव जागेवर होता. तेजस्वी, पिवळसर, शांत. गेली तीन वर्षं मी हाच दाखवत आलो होतो. नऊला तो शेजारच्या इमारतीवरच्या टाकीच्या बराच वर होता. सव्वानऊला टाकीच्या कडेला टेकला. साडेनऊला अढळपद काळ्या प्लॅस्टिकमागे गेलं.

ते ब्रह्महृदय होतं. आकाशातला सहाव्या क्रमांकाचा तेजस्वी तारा आणि एप्रिलात संध्याकाळी वायव्येकडे उतरणारा. वायव्येला मी उत्तर समजत होतो, कारण उत्तर दिशा मी बिल्डरच्या माहितीपत्रकावरून ठरवली होती. खरा ध्रुव उजवीकडे, बराच खाली होता. आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम अठरा-एकोणीस अंशांवर असतो, हात लांब करून एकावर एक दोन मुठी धराव्यात इतकाच वर, आणि तेजात पन्नासाव्या क्रमांकाच्या आसपास. ‘सर्वांत तेजस्वी तारा ध्रुव’ लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या पेपरावर मी ‘व्याध! व्याध!’ म्हणून ओरडलो होतो, आणि स्वतः मात्र ध्रुव म्हणून त्यातल्या त्यात चकचकीत तारा निवडून बसलो होतो. एवढ्यावर भागत नाही. भाच्याच्या लग्नात गुरुजी ‘ध्रुव दाखवा’ म्हणाले, तेव्हा गर्दीतून वाट काढत पुढे झालो तो मीच. त्या जोडप्याला मी ब्रह्महृदयाच्या साक्षीने अढळ राहायला सांगितलं. भाचा बँकेत आहे. तीन वर्षांत त्याच्या दोन बदल्या झाल्या.

त्या रात्री मी हार्वर्डचा आधार घेतला. १९८७ साली तिथल्या पदवीदान समारंभात ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ या माहितीपटासाठी विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापकांना अशाच साध्या गोष्टी विचारल्या होत्या : ऋतू कसे होतात, चंद्राच्या कला कशा होतात. तेवीसपैकी एकवीस जण चुकले. झगे घालून, हसतमुखाने, पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून सांगत होते. मला बराच दिलासा मिळाला. निदान माझ्या अंगात झगा नव्हता.

एका उत्तराचा मात्र मला खराखुरा राग आला. ‘चंद्र रोज किती वाजता उगवतो?’ ‘संध्याकाळी सात वाजता.’ अरे, तुमच्या घरी कुणी संकष्टी करत नाही का?

आमच्या घरी चंद्रोदय हा स्वयंपाकघराचा विषय होता. आई दिवसभर साबुदाण्यावर काढायची, रात्री चंद्र बघून उपास सोडायची. चंद्र बघून यायची नोकरी माझी. कालनिर्णयात गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असत, पण आईचा भरवसा डोळ्यांवर, आणि डोळे माझे. पौर्णिमेला चंद्र सूर्य मावळताना उगवतो आणि मग रोज सरासरी पन्नास मिनिटं उशीर करतो. चतुर्थीपर्यंत तो उशीर तीन तासांवर जातो. हे पुस्तकात फार पुढे वाचलं. तेव्हा ते पोटातून कळायचं. शिवाय ‘सरासरी’ या शब्दात केवढी लबाडी आहे ते भुकेल्या माणसालाच कळतं. आश्विनात चंद्र साडेआठच्या सुमाराला वर आलेला असतो, मोदकाची वाफही निवलेली नसते. चैत्र-वैशाखात दहा वाजून जातात तरी पत्ता नाही. चंद्राची वाट क्षितिजाशी कधी जास्त तिरकी असते, कधी उभी, म्हणून हे होतं. आईचं स्पष्टीकरण याहून आटोपशीर होतं : ‘उन्हाळ्यात मेला आळशी होतो.’ पावसाळ्यात तर ढगांपुढे कुणाचंच चालत नसे. मग कालनिर्णयातल्या वेळेवर आणखी दहा मिनिटं टाकायची, उगाच देवाला फसवल्यासारखं नको. एकदा भूक अनावर झाली आणि मी जिन्यातूनच ‘उगवला!’ म्हणून ओरडलो. आई ताम्हन, फुलं, अक्षता सांभाळत वर आली. आकाश कोरडं ठाक. मला वाटलं, आता पाठीत बसणार. ती कठड्याला टेकून बसली. ‘येईल,’ म्हणाली, ‘त्याला कोण अडवतंय?’

पुढे मोतीबिंदू झाला, तेव्हा तिला चंद्र दोन दिसायचे. दोघांच्या बरोबर मधोमध अर्घ्य द्यायची. खरा कुठला ते त्यांचं त्यांना माहीत.

आता संकष्टी आली हे मला फुलवाल्याकडच्या दूर्वांच्या जुड्यांवरून कळतं. घरात दुर्बीण आहे. चंद्र उगवला का, असं कुणी विचारत नाही.

असो. वर्तमानपत्राच्या लेखासाठी पुरावा हवा म्हणून शेजारच्या मुलांकडून विज्ञानाची पुस्तकं मागून आणली. सहावीत ‘विश्वाचे अंतरंग’ : शेवटचा धडा. सातवीत ‘तारकांच्या दुनियेत’ : शेवटचा. आठवीत ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’ : शेवटचा. नववीत दुर्बिणी : शेवटचा. अढळपद खरोखर कुणाला मिळालं असेल तर ते या धड्याला. तिथवर पोचेपर्यंत उजळणी सुरू झालेली असते, आणि बाई म्हणतात, हे घरी वाचून घ्या. मुलं घरी वाचतात. आठवीतल्या मुलाला तारा कसा मरतो ते पाठ असतं. तो कुठे उगवतो ते विचारू नये. शाळा सुटते पाचला, तारे दिसतात सातला, आणि मधले दोन तास क्लासचे असतात. हे लिहिताना मला विनोद सुचत नाही. ज्यांना कधी कुणी गच्चीवर नेलं नाही त्यांचे पेपर मी तपासत होतो, आणि ज्यांना नेलं त्यांना मी ब्रह्महृदय दाखवलं होतं.

लेख पाठवला नाही. त्या मुलीच्या शून्यापुढे एक काढून त्याचे दहा केले.

चैत्रातल्या संकष्टीला ती वही-पेन्सिल घेऊन गच्चीवर आली. दहा वाजून गेले तरी चंद्र नाही.

‘एवढा उशीर का, काका?’

मी क्रांतिवृत्त आणि क्षितिज यांच्यातल्या कोनाबद्दल बोलायला तोंड उघडलं. मग म्हणालो, ‘उन्हाळ्यात मेला आळशी होतो.’

हे तिने लिहून घेतलं नाही. थोड्या वेळाने समोरच्या टॉवरच्या कडेने तो आला, तांबूस, एका बाजूने झिजलेला. तिने वेळ टिपली.

‘उद्या किती वाजता?’

‘साधारण पन्नास मिनिटं उशिरा.’

तिने आकडा लिहिला आणि त्याच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

परवा सकाळी लिफ्टमध्ये भेटली. दार बंद व्हायची वाट बघून, चारचौघांत माझा अपमान होऊ नये अशा बेताने, हळूच म्हणाली, ‘काका, पन्नास नाही. अठ्ठावन्न.’